पूर्वजांच्या जागांचा नकाशा: लालबागच्या खोलीपासून नांदगावच्या घरठाणापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: चार पिढ्या मुंबईत असलेलं कुटुंब. पणजोबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, आजोबा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, पुढची मंडळी डोंबिवलीला. 'आपलं मूळ गाव नांदगाव, जिल्हा रत्नागिरी' एवढंच घरात सांगितलं जातं. आत्याकडे मनीऑर्डरच्या काही जुन्या पावत्या आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. या सगळ्या जागांचा नकाशा करायचा तर कोणतं अ‍ॅप घ्यावं, आणि गुगलवर इतकी नांदगावं दिसतात त्यांतलं आपलं कोणतं?

अ‍ॅपचं शेवटाकडे सांगतो, ते काम सगळ्यांत सोपं. आधी नकाशावर काय मांडायचं ते ठरवू. बहुतेक जण 'मूळ गाव' म्हणून एक पिन टाकतात आणि थांबतात. पण कुठलंच घराणं एका जागी बसून राहिलेलं नसतं. तुमच्या नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याने चार गोष्टी सांगायला हव्यात: कोण माणूस, कुठे होता, कोणत्या साली होता, आणि हे कशावरून कळलं. माणूस आणि जागा सगळेच लिहितात. साल आणि पुरावा राहून जातो, आणि पुढच्या पिढीच्या हाती तो नकाशा गेला की त्यातलं खरं काय आणि ऐकीव काय हे कुणालाच सांगता येत नाही.

साल लिहिताना 'पासून-पर्यंत' असं लिहू नका. पणजोबा लालबागला नेमके कधी आले हे कुणालाच माहीत नसतं. त्याऐवजी 'पहिला पुरावा' आणि 'शेवटचा पुरावा' असे दोन रकाने करा. १९३६ सालच्या पावतीवर लालबागचा पत्ता असेल तर पहिला पुरावा १९३६. उद्या त्याआधीचा कागद मिळाला तर ते साल मागे सरकेल, बाकी काही बिघडणार नाही.

कामाची दिशा मुंबईकडून गावाकडे ठेवा. मुंबईत जागेला नंबर असतो, कागदाला तारीख असते. गावाकडची आठवण खोल असते, पण तिला साल नसतं. म्हणून आधी डोंबिवलीचं घर, मग डिलाईल रोड, मग लालबाग आणि शेवटी नांदगाव. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा कागद शोधायचा.

आता तुमच्या नांदगावाचा गुंता. ज्या काळात घरात 'जिल्हा रत्नागिरी' म्हटलं जात होतं, त्या काळचा जिल्हा समोर ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी कणकवली, देवगड, मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी हे सगळं रत्नागिरीतच होतं. तेव्हा आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या यादीत गाव शोधून हाती काही लागलं नाही तर नवल नाही. कणकवली तालुक्यात नांदगाव आहे, कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशनही तिथलंच. तुमचं गाव हेच असण्याचा चांगला संभव आहे, पण अजून पक्कं धरू नका. नाशिक जिल्ह्यात नांदगाव हा अख्खा तालुका आहे, रायगडात मुरूडजवळ नांदगाव आहे, अमरावतीकडे नांदगाव खंडेश्वर आहे. 'रत्नागिरी' या शब्दाने ही तिन्ही बाद होतात, तरी रत्नागिरीच्या जुन्या हद्दीत त्याच नावाची आणखी गावं किंवा वाड्या आहेत का हे तपासावं लागेल.

हीच अडचण इतर जिल्ह्यांच्या लोकांनाही येते. जुन्या कागदावरचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड, हे नाव १९८१ मध्ये बदललं. जालन्याची बहुतेक गावं त्याच वर्षापर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होती. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघालं. सावंतवाडीकडच्या मंडळींच्या १९४८ पूर्वीच्या कागदांवर जिल्ह्याच्या जागी 'संस्थान सावंतवाडी' असतं. म्हणून तक्त्यात 'कागदावर जसं लिहिलंय तसं' असा एक रकाना आणि 'आजचं नाव, तालुका, जिल्हा' असा दुसरा. पहिल्या रकान्यातलं शुद्धलेखनसुद्धा सुधारायचं नाही. 'नांदगांव' असेल तर अनुस्वारासकट 'नांदगांव'.

गावांच्या जुन्या याद्यांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका फार उपयोगी पडते. १९५१ पासून ती जिल्हावार निघाली आणि तिच्यात तालुक्यातलं प्रत्येक गाव क्रमांकासह दिलेलं असतं. १९६१ च्या पुस्तिकांत तालुक्यांचे नकाशेही आहेत. त्यामागे जायचं तर १८८० सालचं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर आहे. त्यात सगळी गावं नाहीत, पण बंदरं, घाट, बाजार, महाल आणि पेटे (तालुक्याचे पोटविभाग) कसे होते ते कळतं.

आता आत्याच्या पावत्यांकडे येतो. तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा ऐवज तोच आहे. मुंबईत राहिलेल्या पावत्या दोन प्रकारच्या असतात. एक, पैसे भरताना पोस्टाने दिलेली पावती, तिच्यावर मुंबईच्या पोस्टाचा शिक्का असतो. दुसरी पोचपावती, म्हणजे गावी पैसे मिळाल्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन परत आलेला तुकडा. त्यावरचा शिक्का पैसे जिथे वाटले गेले त्या बाजूच्या पोस्टाचा असतो. तुम्हाला ही दुसरी हवी. ती टेबलावर सपाट ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ आडवा धरा. शाई उडून गेलेली असली तरी ठशाचा दाब कागदात राहिलेला असतो आणि तिरप्या उजेडात अक्षरं वर येतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिक्क्याच्या वर्तुळात पोस्टाचं नाव आणि मध्ये तारीख असते. नाव अर्धंच उमटलं असेल तर निरनिराळ्या पावत्यांवरचे तुकडे शेजारी ठेवून पूर्ण नाव लागतं.

तारीख पुसली असेल तरी काळ ठरवता येतो. रक्कम रुपये-आण्यांत असेल तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

एक सावधगिरी मात्र हवी. शिक्क्यावरचं नाव पोस्टाचं आहे, गावाचं नव्हे. 'मु.' आणि 'पो.' ही दोन अक्षरं आपण पत्त्यात एका दमात लिहितो, पण मुक्काम एका गावी आणि पोस्ट दुसऱ्या गावी असा प्रकार कोकणात सर्रास असे. एका पोस्टाखाली आजूबाजूची अनेक गावं येत. म्हणजे 'पो. नांदगाव' असं निघालं तर पणजोबांचं घर शेजारच्या गावातही असू शकतं, आणि मुंबईत आल्यावर लोकांना कळेल असं मोठं नाव म्हणून ते 'नांदगावचे' झाले असतील. पावतीवर 'मु.' पुढे काय लिहिलंय ते म्हणूनच नीट वाचा. तिथे वाडीचं नाव मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जन्मस्थळाचा रकाना असतो: गाव, तालुका, जिल्हा. लोक ते गाव डोळे मिटून 'मूळ गाव' म्हणून नकाशावर टाकतात. पण बाळंतपणासाठी बाई माहेरी जायची. त्यामुळे दाखल्यावरचं जन्मगाव पुष्कळदा आजोबांचं आजोळ असतं, म्हणजे तुमच्या पणजीचं माहेर. दाखल्यावर नांदगाव सोडून भलतंच गाव निघालं तर गोंधळून जाऊ नका, उलट आनंद माना. वंशावळीत ज्या पणजीचं नुसतं सासरचं नाव उरलेलं असतं, तिच्या गावाचा धागा तुम्हाला तिथे मिळालेला असतो. मुंबईत जन्मलेल्यांच्या बाबतीत असाच चकवा दवाखान्यांमुळे होतो. जन्माच्या नोंदीत 'परळ' असेल तर ती वाडिया किंवा केईएमची खूण असू शकते. ही दोन्ही रुग्णालयं १९२६ पासून परळला आहेत. घर त्या वेळी कुठेही असेल.

इथे मला आग्रहाने एक सांगायचं आहे. नकाशात बायकांच्या जागा घाला. आपल्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात आणि मुली लग्नानंतर कागदावरून नाहीशा होतात. नकाशाला ती अडचण नाही. प्रत्येक सुनेचं माहेर आणि प्रत्येक लेकीचं सासर हा एकेक ठिपका आहे. ते ठिपके टाकलेत की सोयरीक कुठल्या टापूत व्हायची, घाटावर जायची की नाही, खाडी ओलांडायची की नाही, हे डोळ्यांना दिसतं. मुंबईत आल्यावर तो टापू किती काळ टिकला तेही कळतं. लग्नपत्रिका, जुनी पत्रं, आणि आत्या, मावशी, काकूंची तोंडी माहिती, यांतून हे मिळतं. आत्याला पावत्यांबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारून घ्या.

आता लालबाग. गावकीची खोली म्हणजे गावातल्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. गिरणीतल्या पाळ्यांप्रमाणे माणसं आळीपाळीने झोपायची, बाडबिस्तरा आणि ट्रंक तिथे, जेवण खानावळीत. त्यामुळे अशा पत्त्यावर भाडेपावती तुमच्या पणजोबांच्या नावाची बहुधा सापडणार नाही. पण गावकीचं मंडळ होतं, आणि मंडळ म्हटलं की वही आली. वर्गणी कुणी किती भरली, गावच्या देवळाला किती पाठवले, कुणाच्या दुखण्याखुपण्याला किती दिले, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा नावं वाडीवार मांडलेली असतात. ही मंडळं अजून आहेत. त्यांच्या सभा होतात, गणपती-शिमग्याच्या आधी निरोप जातात. नांदगावच्या मुंबईकर मंडळाचा पत्ता काढा, कार्यवाहांना भेटा आणि वहीतलं एक पान बघायला मागा. खोलीचा पत्ता, पणजोबांची वाडी आणि साल या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत मिळण्याची जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

गिरणीचं हजेरी कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, रेशनकार्ड ही घरातल्या ट्रंकेत निघणारी बाकीची कागदपत्रं. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुनं कार्ड निघालं तर ते त्यानंतरचं. कार्डावर दुकानाचा क्रमांक असेल तर घर कोणत्या भागात होतं याचा तो आणखी एक दाखला.

डिलाईल रोडच्या चाळी सापडणं त्या मानाने सोपं, कारण त्यांना नंबर आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०, आणि खोली १६० चौरस फुटांची. पत्त्यात चाळ नंबर आणि खोली नंबर दोन्ही हवेत. नुसतं 'बीडीडी चाळ' असेल तर आधी वरळी, नायगाव, शिवडी की डिलाईल रोड हे पक्कं करा, कारण चाळ नंबर प्रत्येक ठिकाणी पुन्हा एकपासून सुरू होतात. बीआयटी चाळी वेगळ्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेल्या त्या. घरात दोन्ही नावांची सरमिसळ होते आणि ठिपका चुकीच्या जागी पडतो.

या चाळी आता पाडल्या जात आहेत आणि जागी टॉवर उभे राहत आहेत. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. आजोबांची चाळ अजून उभी असेल तर तिच्या दारात उभं राहून मोबाईलवर लोकेशन टिपा. जिना, गॅलरी, खोलीचा दरवाजा, चाळीवर रंगवलेला नंबर यांचे फोटो काढा, आणि जुना शेजारी भेटला तर खोली कुठल्या मजल्यावर, कुठल्या टोकाला होती ते विचारा. चाळ पाडून झाली असेल तरी जागा हरवत नाही. मुंबई शहरात प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला सी.एस. नंबर असतो आणि तो विभागवार असतो: लोअर परळ डिव्हिजन, परळ-शिवडी डिव्हिजन, गिरगाव डिव्हिजन. उपनगरांत सी.टी.एस. नंबर. इमारत जाते, रस्त्याचं नाव बदलतं, पण हा नंबर सहसा टिकतो. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशांवर हे नंबर दिसतात. खाजगी मालकीच्या जुन्या चाळीत कुणी राहत असेल तर म्हाडाची उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारतींची यादी बघावी. त्यांत 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती. तुमच्या लालबागच्या खोलीची इमारत त्या यादीत सापडण्याची चांगली शक्यता आहे.

रस्त्यांची नावं बदलली याचा त्रास सगळ्यांनाच होतो. डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग, आर्थर रोड आता साने गुरुजी मार्ग, परळ रोड आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, फॉकलंड रोडचा पठ्ठे बापूराव मार्ग. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी आहे. दोन्ही नावं तक्त्यात ठेवा. नकाशावर छापताना मात्र त्या काळचं नाव ठळक द्या, कारण पणजोबा डिलाईल रोडवरून चालले होते.

त्या काळचा मुंबईचा नकाशा खाली ठेवायचा असेल तर तो आजच्या नकाशावर बसवावा लागतो. एशियाटिक सोसायटी आणि काळा घोड्याचं पुराभिलेख संचालनालय इथे जुने नकाशे आहेत, पुष्कळसे परदेशी ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर चांगल्या प्रतीत मिळतात. क्यूजीआयएस हा नकाशांच्या कामाचा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात जुन्या नकाशावरची एक जागा आणि आजच्या नकाशावरची तीच जागा अशा जोड्या द्यायच्या असतात. इथे मुंबईला धरून एक नियम सांगतो: किनारा आणि तलाव यांना हात लावू नका. बॅकबेपासून माझगाव-शिवडीपर्यंत भराव घालून किनारा पुढे सरकलेला आहे. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं उरली, पाणी बुजलं. किनाऱ्यावर जोडी दिलीत तर सबंध नकाशा ओढला जाऊन लालबाग भलतीकडे जातं. त्याऐवजी न हललेल्या वास्तू घ्या: भायखळा स्टेशन, राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, परळची जुनी गव्हर्नर हाऊसची इमारत जिथे आज हाफकिन संस्था आहे, रेल्वेवरचे जुने पूल. तुम्हाला हवा असलेला भाग मध्ये येईल अशा रीतीने चहूबाजूंनी आठ-दहा जोड्या द्या. सगळ्या जोड्या एकाच कोपऱ्यात असतील तर दुसरा कोपरा वाकतो. जुना नकाशा आजच्यावर कसा ताणायचा याचे पर्याय प्रोग्राम विचारतो. नकाशा मोजणीवरून काढलेला असेल तर साधं पॉलिनोमियल रूपांतर पुरतं. हाताने, अंदाजाने काढलेला असेल तर थिन प्लेट स्प्लाइन वापरा.

आता गाव. गावापर्यंत पोचलात की नकाशाचं माप बदलतं. कोकणातलं गाव म्हणजे एकत्र वस्ती नव्हे, वाड्यांचा समूह, आणि दोन वाड्यांमध्ये डोंगर किंवा वहाळ असतो. गावाच्या नावावर पिन टाकलीत तर ती एसटी थांब्यावर पडेल, घरापासून पार लांब. वाडी हवीच. वाड्यांची जुनी नावं पुष्कळदा जातींवरून आहेत. अशी नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि तो योग्यच होता. जुन्या कागदावरची वाडी आजच्या फलकावर सापडली नाही तर हे लक्षात ठेवा. तक्त्यात दोन्ही ठेवा, भिंतीवर लावायच्या नकाशावर आजचं नाव छापा.

वाडीत गेल्यावर एकच प्रश्न आधी विचारा: आपला गणपती कुठल्या घरात बसतो? भावकीचा एकत्र गणपती जिथे बसतो ते बहुधा थोरलं घर. तिथून विचारत गेलात की पणजोबांचं घरठाण, खळं, तुळशीवृंदावन आणि पाण्याची विहीर कुठे होती ते म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात. घर पडलं असलं तरी जोतं राहतं. जोत्यावर उभं राहून लोकेशन टिपा.

सातबारा पहिल्याच भेटीत बाहेर काढू नका. मुंबईकर नातू मोबाईल आणि उतारा घेऊन बांधावर फिरायला लागला की तो वाटणी मागायला आला अशी कुजबुज वाडीत सुरू होते, आणि मग कुणी तोंड उघडत नाही. मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत न्या, कशासाठी आलोत ते चार लोकांत स्पष्ट सांगा, आणि नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत भावकीला द्यायचं कबूल करा. कबूल केलंत तर द्याच.

जमिनीचे कागद नंतर, तहसीलदार कचेरीतून किंवा महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून बघता येतात. आजच्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव नसेल, तेव्हा फेरफार नोंदी (जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदी) धरत मागे जावं लागतं. तरीही नाव मिळालं नाही म्हणून घराणं त्या गावचं नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. कोकणात पुष्कळ जमिनी खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या होत्या आणि कसणारी कुळं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि कूळ कायद्यातला कसेल त्याची जमीन हा दिवस १ एप्रिल १९५७ चा. त्याआधी कुळाचं नाव मालकाच्या रकान्यात नसायचंच. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये मिळतात, पुष्कळदा मोडीत. मोडी वाचणारी माणसं मुंबई-पुण्यात आहेत, शिकवणारे वर्गही चालतात. घाटावरच्या मंडळींना आणखी एक अडचण: विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना सर्व्हे नंबर आजच्या नकाशावर शोधत बसू नये, आधी योजनेचा उतारा घेऊन कोणत्या नंबरचा कोणता गट झाला ते पाहावं.

मुंबई आणि गाव यांच्यामधली वाटही नकाशावर काढा. रस्ते आणि एसटी होण्याआधी त्या बाजूचे लोक बोटीने जात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत बोट जायची. पावसाळ्यात बोटी बंद. तुमची माणसं देवगडला उतरत की विजयदुर्गला, तिथून पुढे गाडीने की पायी, हे आत्याला किंवा मंडळातल्या कुणाला विचारा. तुटक रेघेने वाट काढा आणि शेजारी सांगणाऱ्याचं नाव लिहा. कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली ती १९९८ मध्ये. आजच्या रेल्वेच्या रेघेवरून पणजोबांचा प्रवास काढू नका. परत जाण्याच्या वाटाही असतात. १९८२ च्या संपानंतर कितीतरी गिरणी कामगार गावी परतले. तुमच्या भावकीतलं कुणी गेलं असेल तर तो बाण मुंबईकडून गावाकडे काढायचा.

आता अ‍ॅप. तक्ता साध्या एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये करा. रकाने: व्यक्ती, कागदावरची जागा, आजचं नाव, अक्षांश, रेखांश, पहिला पुरावा, शेवटचा पुरावा, पुरावा काय, खात्री किती. तो तक्ता गुगलच्या माय मॅप्समध्ये चढवला की ठिपके आपोआप पडतात. एका पिढीचा एक थर केलात तर थर उघडझाप करून बघता येतात. जुना नकाशा खाली घालायचा असेल तर मात्र क्यूजीआयएस. मूळ तक्ता आपल्याकडे जपा, कारण अ‍ॅप बदलतात, तक्ता कुठेही उघडतो.

अक्षांश-रेखांशाला दशांश चिन्हापुढे किती आकडे लिहायचे यातही खरेपणा असतो. चार आकडे म्हणजे अंदाजे ११ मीटर, चाळीला किंवा जोत्याला योग्य. दोन आकडे म्हणजे किलोमीटरभर. नुसतं गाव माहीत असेल तर दोनच लिहा. गुगलने दिले म्हणून सहा आकडे उतरवलेत तर न पाहिलेलं घर पाहिल्यासारखं दिसतं. ठिपक्यांतही तसाच भेद करा: कागद असेल तिथे भरीव, तोंडी माहिती असेल तिथे पोकळ, आणि 'या परिसरात कुठेतरी' असेल तिथे फिकट वर्तुळ. लालबाग आणि नांदगाव एका कागदावर नीट दिसणार नाहीत, म्हणून तीन वेगळे नकाशे करा: गिरणगावाचा, मुंबई ते कणकवलीचा आणि वाडीचा. ए-थ्री कागदावर प्रत्येक छान बसतो. गुगलचा नकाशा सगळ्यांना खुला ठेवणार असाल तर हयात माणसांचे पत्ते आधी काढून टाका.

तुमच्यापुरतं लगेच करायचं काम म्हणजे पोचपावत्या वेगळ्या काढणं. तीन-चार पावत्यांचे तिरप्या उजेडातले फोटो आणि दाखल्यावरची जन्मस्थळाची ओळ पाठवलीत तर शिक्क्यातली अक्षरं लावायला मी मदत करीन. पोस्टाचं नाव लागलं की १९६१ च्या तालुका नकाशावर त्याच्या आसपासची गावं बघू, आणि 'मु.' पुढचं नाव त्यांत आहे का ते तपासू.